मॉलमध्ये गाळा घ्यावा का? (छत्रपती संभाजीनगर, लहान मुलांचे कपडे)

शुभांगी_औरंगपुरा

नमस्कार मंडळी. आमचं औरंगपुऱ्यात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. जागा जेमतेम, पण गिऱ्हाईक जुनं आणि धरून असलेलं. ज्या बाईने मुलाच्या बारशाला आमच्याकडून झबली-कुंची नेली, ती आता नातवासाठी येते. मी आणि मिस्टर दोघंही बसतो, हाताखाली एक मुलगी आहे.

मागच्या महिन्यात एका दलालाने मॉलमधला गाळा दाखवला. मॉलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भाडं असं सांगितलं की ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीचे १२ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. वर देखभालीचा खर्च वेगळा. लॉक-इन ३ वर्षांचं, म्हणजे तोवर गाळा सोडता येणार नाही. मिस्टरांना फार वाटतंय घ्यावा म्हणून. त्यांचं म्हणणं, पार्किंग नाही म्हणून नवीन पिढी औरंगपुऱ्यात यायला बघत नाही. सासूबाईंना रात्रीची झोप नाही. मी मध्ये आहे.

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्यात. मॉलमध्ये येणारे लोक खरंच खरेदी करतात की नुसते फिरून जातात? हे असं भाडं वाचायचं कसं? आणि टोयोटा येतेय, विजेच्या स्कूटर बनवणारी एथर येतेय, शहराजवळच्या बिडकीनला कारखाने उभे राहणार म्हणतात, तर त्या भरवशावर ३ वर्षांची जोखीम घ्यावी का? अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहा.

बजाजनगरचा_रवी

ताई, मी धंदेवाला नाही, गिऱ्हाईक म्हणून सांगतो. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे.

आमच्याकडून मॉलला जायचं म्हणजे नगर नाका, बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक असं सगळं शहर पार करावं लागतं. म्हणून जाणं होतं ते पगार झाल्यावरच्या रविवारी, नाहीतर दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर. पोरांना खेळायला सोडायचं, सिनेमा बघायचा, खायचं. कपडे घेतो, पण सेलचा बोर्ड लागलेला असला तर. टी-शर्ट, जीन्स असलं. पोरीच्या मामाच्या लग्नात घागरा घ्यायचा होता तेव्हा बायको सरळ औरंगपुऱ्यातच गेली. तिथे चार दुकानं फिरता येतात, भाव करता येतो आणि माप बसलं नाही तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आमच्या लाइनवर आता कायम कामगार थोडे आणि कंत्राटी जास्त झालेत. एका वर्षी बोनस लांबला, तर त्या दिवाळीला आमच्या बिल्डिंगमधलं कुणीच मॉलकडे फिरकलं नाही. पण पोरांना नवे कपडे सगळ्यांनी घेतले, ते इथल्याच बाजारात.

हिशेबनीस

शुभांगीताई, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. मी कर सल्लागार आहे. गुलमंडी, रंगारगल्ली, निराला बाजार इथल्या दुकानांचे हिशेब माझ्याकडे असतात, आणि मॉलमधल्या काही गाळ्यांचेही. दोन्हीकडचे महिन्याचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की या शहरात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते दिसतं.

इथला प्रोझोन मॉल २०१० साली उघडला. चिकलठाणा एमआयडीसीतच, दुकानांची जागा सुमारे ७ लाख चौरस फूट, उंच इमारत न बांधता आडवा पसरलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. तेव्हापासून बाहेरच्या ब्रँडवाल्यांच्या आणि आपल्याही डोक्यात बसलं की या शहरात पैसा वाहतोय. पैसा होता, यात शंका नाही. पण त्या गाड्या घेणारे उद्योजक, डॉक्टर, बिल्डर, मोठे व्यापारी. ही माणसं कपडे मुंबई-पुण्याला घेतात. शिवाय दीडशे घरांच्या जिवावर ७ लाख चौरस फूट चालत नाही. मॉल चालतो तो सिडकोत फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या सुपरवायझरवर, बँकेतल्या क्लार्कवर, प्राध्यापकावर आणि वर लिहिलेल्या रवीभाऊंवर. म्हणजे मासिक पगारावर.

आणि हा पगार येतो मुख्यतः गाड्यांच्या धंद्यातून. १९८५ ला वाळूजमध्ये बजाज आलं, तिच्यामागे सुटे भाग करणारे शेकडो कारखाने उभे राहिले. एन्ड्युरन्ससारखी कंपनी इथेच मोठी झाली. २००१ ला शेंद्र्यात स्कोडा आली. औषध कंपन्या आहेत, बिअरचे कारखाने आहेत, पण घरोघरी पगार पोचवणारा धंदा गाड्यांचाच. म्हणून २०१९ ला देशात गाड्यांची विक्री पडली आणि ओव्हरटाइम बंद झाला, ते आधी दिसलं मॉलच्या गाळ्यांमध्ये. गुलमंडीत त्या दिवसांत तेवढा फरक नव्हता. व्हिडिओकॉनची दिवाळखोरीची प्रक्रिया २०१८ ला सुरू झाली, तेव्हा पैठण रोडला चितेगावच्या बाजूला राहणाऱ्यांची खरेदी कशी आटली, तेही मी बघितलंय.

औरंगपुरा-गुलमंडीचं चक्र वेगळं. तिथे कापूस-सोयाबीनचा पैसा येतो, लग्नसराई येते, जूनमध्ये शाळा येते. फुलंब्री, पैठण, गंगापूर, कन्नडची माणसं एसटीने उतरतात आणि घरभराची खरेदी एकाच दिवशी उरकतात. त्या पेठेला दुष्काळ मारतो. २०१२ ला मारलं, २०१५ ला त्याहून जास्त मारलं. जायकवाडी तळाला गेलं होतं, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने बिअरच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून खाली आणायला सांगितलं. त्या वर्षी गुलमंडीतल्या माझ्या जुन्या पक्षकारांनी लग्नसराईचा माल पुढच्या वर्षी विकला. मॉलमध्ये मात्र एसीची हवा खायला गर्दी होती आणि विक्रीही बऱ्यापैकी होती, कारण पगार चालू होते.

म्हणजे ताई, तुमच्या सासऱ्यांचं दुकान पावसावर चालतं आणि नवा गाळा गाड्यांच्या खपावर चालेल. एकाच शहरात असून दोन्हींची मंदी वेगवेगळ्या वेळी येते. मिस्टरांची बाजू घ्यायची तर हा मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे, आणि मला तो खरंच महत्त्वाचा वाटतो. एक दुकान पडलं तर दुसरं तारून नेऊ शकतं. पण तेवढा दम भांडवलात पाहिजे.

आता बिडकीन. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ ला राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. एथरनेही बिडकीनचीच निवड केली. मला याचा मनापासून आनंद आहे. माझे भाचे, पुतणे नोकरीसाठी पुण्याला गेले ते या शहरात काम पुरलं नाही म्हणून. पण करार झाला, जमीन मिळाली, इमारत उभी राहिली, मशिनं बसली, भरती झाली, प्रशिक्षण झालं, मग पहिला पगार, आणि त्या पगारातून मुलाचा फ्रॉक. या साखळीत वर्षं जातात. तुमचं भाडं मात्र ताबा मिळाल्यापासून दोन-तीन महिन्यांत चालू होईल. शेंद्र्याच्या ऑरिक या नव्या औद्योगिक शहराचा ऑरिक हॉल ७ सप्टेंबर २०१९ ला उघडला, तेव्हाही त्या भरवशावर गाळे घेणारे लोक होते. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. रस्त्यावरची दुकानं जूनमध्ये सम-विषम पद्धतीने उघडली, मॉल ५ ऑगस्टला. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा बंद झाले. म्हणून करारात एक कलम शोधा: सरकारी आदेशाने मॉल बंद राहिला तर भाडं आणि देखभाल खर्च दोन्ही माफ की फक्त भाडं? की काहीच नाही? मी पाहिलेल्या काही करारांत यावर एक ओळसुद्धा नव्हती आणि नंतर दोन्ही बाजूंना भांडत बसावं लागलं.

गर्दीबद्दल एकच सांगतो. प्रोझोनमध्ये सुरुवातीपासून भागीदार असलेली ब्रिटिश कंपनी लिबर्टी इंटरनॅशनल, पुढे तिचं नाव इंटू झालं. मँचेस्टरचं ट्रॅफर्ड सेंटर तिचं होतं. तिथे काय गर्दी कमी असेल? तरी कर्जाचा डोंगर आणि भाडेकरूंची थकबाकी यामुळे जून २०२० मध्ये ती कोसळली. आपला इथला मॉल चालू राहिला, पण मॉलवाल्याचा आणि गाळेवाल्याचा हिशेब हा येणाऱ्या माणसांच्या संख्येवर नसतो, बिलांवर असतो.

भाड्याकडे येतो. आकडे माझे, समजण्यापुरते. तुमच्या कराराचे तिथे टाका. दलाल ८०० चौरस फूट म्हणाला तर आत हाताने माप घ्या, कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ५०० च्या आसपास निघेल. बाकीचं पॅसेज, जिने, स्वच्छतागृहं यातला तुमचा वाटा. भाडं मात्र ८०० चंच. चौरस फुटाला १०० रुपये धरले तर ८०,००० किमान भाडं. देखभाल २० रुपयांनी १६,०००. झाले ९६,०००. मॉल आठवडाभर सकाळी ११ ते रात्री १० उघडा, तुम्हाला मधे शटर ओढता येत नाही, म्हणजे दोन पाळ्या आणि चार माणसं. १४,००० प्रमाणे ५६,०००. वीज-एसी १५,०००. एकूण १,६७,०००. तुमचं मार्जिन ३० टक्के असेल तर महिन्याला साधारण ५,५७,००० ची विक्री झाली की तुम्ही शून्यावर. घरात त्यातून एक रुपया आलेला नाही. आणि १२ टक्क्यांची बाब अशी की विक्री ६,६७,००० च्या वर गेली तरच ती लागू होते. म्हणजे नफ्याचा जरा वारा लागला की भाडंही वाढायला लागतं. हे गैर नाही, पद्धतच ती आहे, पण ती समजून सही करा. आणि १२ टक्के जीएसटी धरून की सोडून, हेही लिहून घ्या.

माझं मत विचारलंत तर: ऑक्टोबर ते जानेवारी मॉलच्या मधल्या चौकात छोटा स्टॉल मागा. दिवाळी, नाताळ, संक्रांत, बोरन्हाण सगळं त्यात येतं. काळे हलव्याचे कपडे, झबली, कुंच्या, मुंजीचे सोवळे, धोतर-कुर्ते, हा माल त्या इमारतीत दुसऱ्या कुणाकडे नसेल. टी-शर्ट घेऊन तुम्ही झुडिओ आणि मॅक्ससमोर उभं राहायचं नाही. त्यांचा भाव तुम्हाला खरेदीतही मिळणार नाही.

मनीषा_मुकुंदवाडी

मी काही वर्षं मॉलमधल्या एका ब्रँडच्या दुकानात कामाला होते. हिशेबनीस काकांनी बिलांचं लिहिलंय ते अगदी बरोबर. आमच्याकडे रोज रात्री दोन आकडे पाठवावे लागायचे, आत किती लोक आले आणि बिलं किती फाटली. मे महिन्यात दुपारी आत उभं राहायला जागा नसायची आणि बिलं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. सोमवार ते गुरुवार दुपारी घड्या घालायच्या आणि परत मोडायच्या.

ताई, तुम्ही एक करा. तुम्हाला जो गाळा दाखवलाय त्याच्या समोरच्या बाकावर जाऊन बसा. रविवारी बसूच नका, रविवार सगळ्यांचाच चांगला असतो. २० तारखेनंतरच्या एखाद्या मंगळवारी दुपारी आणि मग संध्याकाळी बसा. समोरून जाणाऱ्यांच्या हातात पिशव्या आहेत का बघा. आणि फिरत्या जिन्यावरून उतरलेली माणसं कुठल्या बाजूला वळतात तेही बघा. आमच्या ओळीत कोपऱ्यावरचं दुकान आणि त्याच्या पुढचं तिसरं दुकान यांच्या विक्रीत जमीन-अस्मानाचा फरक होता. भाडं मात्र जवळजवळ सारखं.

अजून एक, कामाला मुली ठेवणार असाल तर रात्री १० नंतर त्यांच्या घरी जायची सोय तुम्हाला बघावी लागेल. शहर बस तोवर मिळत नाही आणि रिक्षाला पगारातून परवडत नाही. माझ्यासोबतच्या दोघींनी त्याच कारणाने काम सोडलं. याचा खर्च आधीच धरा.

जालनेकर

जालन्याहून आम्ही ६० किलोमीटर गाडी काढून येतो ते सिनेमा आणि जेवणासाठी. आमच्याकडे स्टील आहे, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, खर्च करणारी घरं आहेत, पण रविवार घालवायला जागा नाही. तेवढ्या गिऱ्हाइकीवर मॉलचा रविवार बराच उभा आहे, हे लक्षात घ्या. आता समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाल्यापासून (जून २०२५) काही जण लग्नाच्या खरेदीला थेट नाशिक-मुंबई गाठतात. तरी जावळाला, बारशाला लागणारं सामान आई अजून औरंगपुऱ्यातूनच आणायला सांगते. कदाचित तुमच्याकडूनच आणत असू.

शुभांगी_औरंगपुरा

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री हे सगळं मिस्टरांना आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. हलव्याच्या कपड्यांचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, ते तर मी स्वतः शिवून देते, स्टॉल लावायचा असेल तर माझी ना नाही. मिस्टर आज मापं घ्यायला टेप घेऊन गेले होते. गाळा आतून ४८० चौरस फूटच भरला.

हिशेबनीस काका, एक राहिलं. आमचं दुकान जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांसाठीची सोपी पद्धत) आहे, आम्ही विक्रीवर १ टक्का भरतो. मॉलच्या भाड्यावर जीएसटी लागतो म्हणे, त्याचं काय?

हिशेबनीस

बरं झालं विचारलंत, हे आधी सांगायला हवं तसं कुणी सांगत नाही. भाडं आणि देखभाल दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. वरच्या उदाहरणात ९६,००० वर १७,२८०. नेहमीच्या पद्धतीत असणाऱ्याला त्याची वजावट मिळते. कंपोझिशनमध्ये मिळत नाही, तो तुमच्या खिशातून जातो. म्हणजे महिन्याचा खर्च १,८४,२८० आणि शून्यावर यायला लागणारी विक्री साधारण ६,१४,०००. त्या विक्रीवरचा १ टक्का अजून वेगळाच.

शिवाय पॅन एकच असेल तर दोन्ही दुकानं एकाच पद्धतीत धरली जातात. दोन्हींची मिळून विक्री वर्षाला दीड कोटीच्या वर गेली की कंपोझिशन सुटलं, औरंगपुऱ्याचंही. मग तिथेही प्रत्येक बिलावर कर लावावा लागेल. कपड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. तुमचा बहुतेक माल ५ टक्क्यांत बसेल, पण आजवर ज्या जुन्या गिऱ्हाइकाला बिलावर कर दिसला नाही त्याला तो दिसायला लागेल, आणि पेठेत भाव करताना ते जड जातं.

स्टॉलसाठी बोलताना तीन-चार महिन्यांचाच परवाना मागा, लॉक-इनशिवाय. त्याच्याही भाड्यावर जीएसटी लागेल, पण रक्कम लहान राहील. गाळ्याचा विषय जानेवारीचा हिशेब झाल्यावर काढू. दलाल म्हणेल दुसरा माणूस तयार आहे, आजच टोकन द्या. देऊ नका. कराराचा मसुदा आधी मागवा आणि मला पाठवा, मी वाचून देतो. आणि सासूबाईंना सांगा, हलव्याचे कपडे शिवायला गणपतीनंतर लगेच घ्या, दिवाळीत त्यांना सुईदोऱ्याला वेळ मिळणार नाही.